प्रेक्षक म्हणून बोलावणे आले तर

हैदराबादेतील मराठी घरांना पूर्वी आमंत्रणे येत ती लग्नामुंजीची, हळदीकुंकवाची, व्याख्यानमालेची आणि फार झाले तर एखाद्या संगीत नाटकाच्या प्रयोगाची. अलीकडे त्यांत एका निराळ्या बोलावण्याची भर पडली आहे. भाच्याची मैत्रीण एखाद्या वाहिनीत नोकरीस असते, शेजारच्या रेड्डींची नात गाण्याच्या स्पर्धेसाठी निवडली जाते, किंवा इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी कळविते, की अमुक दिवशी अमुक स्टुडिओत चित्रमुद्रण आहे, प्रेक्षक हवे आहेत, प्रवेश विनामूल्य आहे. मग घरात चर्चा सुरू होते. जावे काय? काय नेसावे? मुलांना न्यावे काय? आजींना बसवेल काय? आमच्या काही वाचकभगिनींनी हेच प्रश्न आम्हाला विचारले. आम्ही अशा चित्रमुद्रणांना दोनतीनदा जाऊन आलो आहोत. तेव्हा या महिन्याची जागा त्यासाठीच खर्ची घालावी असे ठरविले.

असे बोलावणे याच शहरात इतक्या सहजपणे का येते, याला थोडा इतिहास आहे. १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसविण्यात आले, तेव्हा तेलुगू कार्यक्रमांची तयारी हैदराबादेत होत असे. २३ ऑक्टोबर १९७७ रोजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या हस्ते येथील दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन झाले. ते रामंतापूरचे केंद्र म्हणजे अंबरपेठेच्या मराठी वस्तीपासून सायकलने जाण्याजोगे. पुढे १९९५ त ईटीव्ही सुरू झाली, १९९६ त रामोजी फिल्म सिटी उभी राहिली, आणि २००० साली त्याच आवारातून ईटीव्ही मराठीचा आरंभ झाला. जळगावच्या केळीची आणि सोलापूरच्या पाणीटंचाईची बातमी हैदराबादेहून मराठीत वाचली जावी, हा योग मोठा गमतीचा होता. त्या वर्षांत महाराष्ट्रातून आलेली कितीतरी तरुण मुलेमुली येथे वृत्तविभागात काम करीत आणि श्रीखंड कोठे मिळते याची चौकशी करीत काचीगुड्याकडे येत. २०१५ त त्या वाहिनीचे नाव पालटून कलर्स मराठी झाले आणि ते पर्व संपले. तेलुगू कार्यक्रमांचा ओघ मात्र वाढतच गेला आहे. फिल्म सिटी, बंजारा हिल्सचा अन्नपूर्णा स्टुडिओ, अमीरपेटचा सारथी स्टुडिओ, अशा कोठे ना कोठे दररोज काही तरी मुद्रित होत असते आणि त्यातील पुष्कळ कार्यक्रमांना समोर बसलेली माणसे लागतात.

ही समोर बसलेली माणसे कोण, हे प्रथम समजून घ्यावे. आपण टीव्हीवर पाहतो तेव्हा ते सारे हौसेने आलेले रसिक वाटतात. वस्तुतः त्यांत तीन वर्ग असतात. पहिला स्पर्धकांच्या आप्तेष्टांचा, दुसरा आपल्यासारख्या आमंत्रितांचा, आणि तिसरा रोजंदारीवर आणलेल्यांचा. कृष्णानगर-युसुफगुडा भागात चित्रपटांतील गर्दीसाठी माणसे पुरविणारे मुकादम असतात. त्यांना येथे कोऑर्डिनेटर म्हणतात. त्यांच्याकरवी महाविद्यालयीन मुले, गृहिणी, काम नसलेले छोटे कलावंत बसगाडीतून आणले जातात. दिवसाचे पैसे, एक वेळचे जेवण आणि चहा, असा तो व्यवहार असतो. यात हिणविण्याजोगे काही नाही. उलट आम्हाला असे दिसले, की टाळी कधी वाजवावी, कधी थांबावे, मान किती वळवावी, याची समज या मंडळींना आमंत्रितांपेक्षा कितीतरी अधिक असते. शेजारी बसलेल्या एका बाईंनी आम्हाला हळूच सांगितले, की टाळी छातीसमोर वाजवावी, तोंडासमोर नव्हे. तोंड झाकले की कॅमेरा पुढच्या माणसाकडे जातो. त्या पाच वर्षे हेच काम करीत होत्या.

आता प्रत्यक्ष दिवसाविषयी. आमंत्रणावर सकाळी दहाची वेळ असेल, तर दोनच्या आधी काही आरंभ होईल ही आशा सोडावी. दिवे लावणे, आवाजाची चाचणी, सूत्रधाराचा पोषाख, पाहुण्या परीक्षकांची गाडी, यांपैकी एक जरी अडले तरी सारे अडते. आणि प्रेक्षक हा एकच घटक असा आहे, की जो थांबला तरी कोणाचे काही बिघडत नाही. दारावर मोबाईल काढून घेतात. ज्यांना औषधाच्या वेळा मोबाईलच सांगतो, त्यांनी मनगटी घड्याळ न्यावे. डबा आत नेऊ देत नाहीत. पण मधुमेहाच्या माणसाने दारावरच्या व्यवस्थापकास आधी सांगून दोन बिस्किटे आणि गोळ्या जवळ ठेवाव्यात. आम्ही पाहिले तेथे याला कोणी हरकत घेतली नाही. शाल मात्र हैदराबादेतील भर मे महिन्यातही न्यावी. इतक्या दिव्यांखाली यंत्रे आणि रंगविलेले चेहरे टिकावेत म्हणून आतील हवा फार थंड ठेवलेली असते, आणि पाच तास त्या गारठ्यात बसल्यावर सांधे बोलू लागतात.

पोषाखाचे शास्त्र वेगळेच आहे. पांढरे शुभ्र नको, कारण ते दिव्यांत झळाळते आणि शेजारच्याचा चेहरा काळवंडून टाकते. बारीक रेघा आणि बारीक चौकडी नको, कारण पडद्यावर त्यांच्या जागी लाटा हलताना दिसतात. आमच्याबरोबरच्या एका बाईंनी कपाटातली जपून ठेवलेली नारायणपेठी मुद्दाम नेसली होती. तिच्या बारीक चौकड्यांमुळे त्यांना पहिल्या रांगेतून उचलून पाचव्या रांगेत बसविले. ठसठशीत एकरंगी साडी किंवा सदरा सर्वांत सोयीचा. काचेच्या बांगड्या हातभर असतील तर त्याही घरी ठेवाव्यात. प्रेक्षकांच्या डोक्यावर ध्वनिक्षेपक टांगलेले असतात आणि त्यांना किणकिण तेवढी नेमकी ऐकू येते. एकदा बसलेली जागा दिवसभर बदलता येत नाही. दुपारी घेतलेले दृश्य सकाळच्या दृश्यास जोडले जाते. एका दृश्यात असलेले आजोबा पुढच्यात नाहीसे झाले तर घरी पाहणाऱ्यास चुकल्यासारखे वाटते.

आत गेल्यावर पहिला विरस होतो तो जागेच्या आकाराने. पडद्यावर राजवाड्याएवढा दिसणारा रंगमंच प्रत्यक्षात आपल्या सभागृहाच्या व्यासपीठापेक्षा फारसा मोठा नसतो. चकाकणारी फरशी ही रंगविलेली फळी असते, खांब प्लायवुडचे असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूस खडूने आकडे लिहिलेले असतात. आमच्या मते हे अवश्य पाहावे. मुलांनी तर पाहावेच.

मग कानाला यंत्र लावलेला एक तरुण पुढे येतो. हा फ्लोअर मॅनेजर. दिग्दर्शक वरच्या बंद खोलीत डझनभर पडद्यांसमोर बसलेला असतो. त्याचे बोलणे या तरुणाच्या कानात आणि या तरुणाचे हातवारे आपल्या डोळ्यांत, अशी ती साखळी असते. तो सांगतो, ‘चप्पट्लु!’ आणि दोनशे माणसे टाळ्या वाजवू लागतात. अद्याप कोणी गायलेले नसते, कोणी बोललेले नसते. रंगमंच रिकामा असतो. नुसत्या टाळ्या, मग उभे राहून टाळ्या, मग हसणे, मग आश्चर्याने एकमेकांकडे पाहणे, मग डोळे टिपण्याजोगे गंभीर होणे, असे एकेक भाव आधीच मुद्रित करून ठेवतात. पुढे संकलनाच्या वेळी जेथे जे लागेल तेथे ते जोडावे, अशी ही साठवण.

आपल्या संगीत रंगभूमीवर पद रंगले की प्रेक्षागृहातून वन्समोअर येई आणि नटाला पुन्हा गावे लागे. येथे वन्समोअर दिग्दर्शक मागतो आणि प्रेक्षकांना पुन्हा हसावे लागते. तोच विनोद चौथ्यांदा ऐकून पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसणे ही सामान्य गोष्ट नव्हे. सूत्रधार अडखळला, दिवा गेला, परीक्षकांच्या खुर्चीचा आवाज आला, की मागल्या वाक्यापासून आरंभ. एका दिवसात दोन किंवा तीन भाग उरकतात. सूत्रधार मध्ये जाऊन कपडे बदलून येतो आणि ‘गेल्या आठवड्यात आपण पाहिलेत’ असे म्हणतो. तो गेला आठवडा म्हणजे आपल्या दुपारच्या जेवणापूर्वीचा काळ.

हा सगळा बनाव टीव्हीने आणला, असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत भाडोत्री टाळीवाले बसविण्याचा रीतसर धंदा होता. त्यांत हसणारे वेगळे, रडणारे वेगळे आणि पुन्हा गा म्हणून ओरडणारे वेगळे असत. अमेरिकेत १९५० साली ‘हँक मॅक्यून शो’ या मालिकेत समोर कोणी नसताना हशा भरण्यात आला, आणि मग चार्ली डग्लस नावाच्या तंत्रज्ञाने निरनिराळ्या हास्यांची एक पेटीच बनविली. खटका दाबावा आणि हवे तसे हसू काढावे. याच सुमारास, १९५१ त सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ने उलट वाट धरली. तीन कॅमेरे लावून, समोर खरोखरीचे प्रेक्षक बसवून, नाटकासारखे सलग चित्रण केले. तेथील हशा त्या संध्याकाळी तेथे बसलेल्या माणसांचा होता. म्हणजे खरे हसू मिळविण्याची रीत ठाऊक नाही असे नाही. ती महाग पडते आणि वेळ घेते, इतकेच.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः हा विषय घेतला, ती सांगतो. आमच्या परिचयाच्या एक आजी आपल्या नातसुनेबरोबर लहान मुलांच्या गायनस्पर्धेच्या चित्रमुद्रणास गेल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. शाळा उर्दूत झालेली, गाणे मराठी नाट्यसंगीताचे कानात मुरलेले, आणि तेलुगू बाजारापुरती. समोरच्या दिव्याने त्यांच्या डोळ्यांना पाणी येऊ लागले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे टिपले. त्या वेळी रंगमंचावर कोणीही नव्हते. फरशी पुसण्याचे काम चालले होते. दीड महिन्याने कार्यक्रम प्रक्षेपित झाला. एक आठनऊ वर्षांचा मुलगा स्पर्धेतून बाद होतो, त्याची आई रडते, संगीत करुण होते, आणि त्यानंतर पडदाभर आमच्या आजी, पदराने डोळे टिपताना. नांदेडहून, लातूरहून नातलगांचे फोन आले. ‘किती कळवळ्याने पाहत होतात!’ आजींना मात्र हे मुळीच रुचले नाही. त्या म्हणाल्या, ‘अरे, तो मुलगा बेसूर गायला होता. त्याला काढला हे योग्यच झाले. पण लेकराला सगळ्यांपुढे उभे करून, त्याच्या आईच्या तोंडावर दिवा मारून काढला, हे मला पाहवले नाही, म्हणून मी त्या वेळी खाली मान घातली होती. ती मान कोणी दाखवली नाही.’

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. कायद्याने वाहिनीकडे बोट दाखविता येईल असे वाटत नाही. दारावर आजींच्या नातसुनेने दोघींच्या नावे संमतिपत्र भरून दिले होते. त्या कागदावर साधारणपणे असे असते, की आपले चित्र आणि आवाज कोठेही, कसाही, कितीही वेळा वापरण्यास आपली हरकत नाही. बहुतेक जण रांग पुढे सरकते आहे म्हणून न वाचता सही करतात. आम्ही सुचवितो, की तो कागद वाचावा. तेलुगू किंवा इंग्रजी येत नसेल तर बरोबरच्या माणसाकडून वाचून घ्यावा, आणि ज्याची सही त्यानेच करावी. अटी मान्य नसतील तर चहा पिऊन परत यावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. सही केली, की आपला चेहरा आपल्या मनातील भावनेशी बांधलेला राहत नाही, हे ठाऊक असू द्यावे.

तथापि एक गोष्ट शेवटपर्यंत आपल्याच हाती राहते, आणि ती म्हणजे आपले हात. फ्लोअर मॅनेजर टाळ्या मागतो, त्या द्याव्यात. पाहुणचार घेतला तर एवढे करणे उचितच. पण एखाद्या मुलाची टवाळी चालली असता, एखाद्या स्थूल स्पर्धक बाईच्या देहावरून विनोद होत असता, ‘हसा’ अशी खूण आली तरी हसलेच पाहिजे असे कोणत्याही संमतिपत्रात लिहिलेले नसते. दोनशेंत दहा चेहरे स्थिर राहिले, तर संकलकाला ती रांग वापरता येत नाही. आमच्याबरोबरच्या एक शिक्षिका अशा प्रसंगी नुसत्या हात मांडीवर ठेवून बसल्या. कोणी त्यांना रागावले नाही. कॅमेरा दुसरीकडे वळला.

ज्यांची मुले स्वतःच स्पर्धेत आहेत, त्यांची गोष्ट निराळी आणि अधिक जबाबदारीची. चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या बालकलावंतांसाठी २०१७ साली केंद्र सरकारने बालकामगारविषयक नियमांत तरतुदी घातल्या आहेत, आणि त्या प्रत्येक पालकास पाठ असाव्यात. मुलाला दिवसात पाच तासांहून अधिक काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. सलग २७ दिवसांहून अधिक काम घेता येत नाही. मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावी लागते. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभे करता येत नाही. रात्री अकराला पेंगुळलेल्या मुलाला गाणे पुन्हा म्हणण्यास सांगितले, तर ‘आता नको’ म्हणण्याचे काम आईबापांचे आहे. परीक्षक हे काम करणार नाहीत.

आणखी एक सूचना, अप्रिय असली तरी. जागेवर बसताच बाहेर पडण्याचे दार कोठे आहे ते पाहून ठेवावे. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या चित्रीकरणात आग लागून ६२ माणसे मरण पावली. त्यानंतर दिवे थंड झाले, नियम कडक झाले. पण फळ्या, कापड आणि तारा यांनीच हे सारे नेपथ्य आजही उभे असते.

इतके सांगून झाल्यावर वाचक म्हणतील, मग जावे तरी कशाला? जावे, एकदा तरी जावे, कारण जे पडद्यावर कधी येत नाही तेच तेथे पाहण्याजोगे असते. छताजवळच्या लोखंडी जाळीवर चढून एक माणूस दिवा बोटभर फिरवितो आणि खालच्या गायिकेचा चेहरा उजळतो. कॅमेरावाले एकमेकांच्या तारा न तुडविता नाचल्यासारखे फिरतात. आणि वादक! ईटीव्हीवर १९९६ पासून चालत आलेला ‘पाडुता तीयगा’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल, की एस. पी. बालसुब्रह्मण्यम मुलांच्या गाण्यातील एकेका अक्षराचा उच्चार आणि एकेक हरकत कशी समजावून देत. २०२० मध्ये ते गेले, आणि पुढे त्यांचे चिरंजीव चरण यांनी तो कार्यक्रम सांभाळला. अशा गायनाच्या कार्यक्रमांत वादक समोर बसून वाजवितात. आम्ही गेलो होतो तेथे काही तरी बिघडून पाऊण तास सारे ठप्प झाले होते. दिवे मंद केलेले, सूत्रधार बाहेर गेलेला. तेव्हा बासरीवाल्याने आपल्याशीच भीमपलास आळवायला सुरुवात केली, तबलजी हलकेच त्याच्या मागे गेला, आणि रोजंदारीवर आलेली ती सारी माणसे न सांगता गप्प झाली. संपल्यावर टाळ्या पडल्या. त्या कोणी मागितल्या नव्हत्या, आणि मुद्रितही झाल्या नाहीत.

परतीचा विचार आधी करावा. पॅकअप रात्री केव्हा होईल याचा नेम नसतो. बंजारा हिल्स किंवा अमीरपेट असेल तर निभावते. फिल्म सिटी मात्र हयातनगरच्या पुढे विजयवाड्याच्या रस्त्यावर, कोठीपासून सुमारे ३० किलोमीटर, आणि मेट्रो एल. बी. नगरलाच थांबते. मध्यरात्री तेथून सुलतान बाजारला चला म्हटले, की रिक्षावाला मान न वळविता ‘नक्को’ म्हणतो. म्हणून चारसहा कुटुंबांनी मिळून एक गाडी सकाळीच ठरवून ठेवावी, भाडे आधी बोलून घ्यावे, आणि चालकाच्या जेवणाचाही डबा बरोबर घ्यावा. त्याला काही आत घेत नाहीत.